सुलभा देशपांडे : दहा सेकंदांची गोष्ट

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला बाळू रोकडे झालो होतो. ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : रोकडे म्हणजे काशीकर दांपत्याच्या आश्रयाने वाढलेला, सांगितलं ते करणारा, सगळ्यांची बोलणी खाणारा पोरगा. आमच्या नाट्यमंडळात नवीन आलेल्याला द्यायची ती भूमिका. पाठांतर कमी, स्टेजवरचा वावर जास्त.

स्नेहसंमेलनासाठी नाटक पन्नास मिनिटांत बसवायचं होतं. बसवणाऱ्या सरांनी कात्री चालवली. तीन अंकांचं नाटक पन्नास मिनिटांत बसवायचं तर ती चालवावी लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटचं बेणारेबाईंचं स्वगत दीड मिनिटावर आलं आणि त्यातून दोन गोष्टी नेमक्या गेल्या : कोवळ्या वयात मामाने केलेली फसवणूक आणि बाई स्वतःच्या शरीराबद्दल जे बोलते ते. "पालक येतात संमेलनाला," एवढंच कारण. बेणारे करणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, "सर, मामाचं काढलं तर ही बाई एवढी का बोलते?" सर म्हणाले, "तू फक्त फील दे."

तिने फील दिला. तिला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं. मी तिच्यापासून चार पावलांवर अर्धवट हात उचलून गोठून उभा होतो, कारण त्या स्वगताच्या वेळी बाकीची पात्रं गोठतात. गोठलेल्या माणसाला ऐकू येत नाही असं नाटकात गृहीत धरलेलं असतं. मला ऐकू येत होतं. तालमीत त्या मुलीचा प्रश्नही ऐकू आला होता. मी काही बोललो नाही. रोकडे बोलत नाही.

हे सगळं आठवायचं कारण सुलभा देशपांडे. 1967 साली 'रंगायन'ने हे नाटक रंगमंचावर आणलं तेव्हा लीला बेणारे त्यांनी उभी केली. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, म्हणजे सुलभाताईंच्या पतीचं. पुढे 1971 मध्ये सत्यदेव दुबेंनी त्यावर चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच, छायाचित्रण गोविंद निहलानींचं, आणि बेणारे पुन्हा सुलभाताईच. घरून काम करण्याच्या दिवसांत पडेगावच्या घरी, रात्री ऑफिसचं लॉगिन बंद केल्यावर, त्याच लॅपटॉपवर मी तो पाहिला. आधी कपाटातली संहिता काढून पुन्हा वाचली. आमच्या प्रयोगात काय काय उरलं नव्हतं ते तेव्हा कळलं.

सुलभाताईंवर लिहिताना पहिली अडचण ही की त्यांचं मुख्य काम माझ्या पिढीने पाहिलेलंच नाही, आणि पाहण्याची सोयही नाही. त्यांचा जन्म 1937चा. माहेरच्या त्या कामेरकर. दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि शाळेतल्या मुलांची नाटकं बसवत होत्या. 1960 साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींनी 'रंगायन' सुरू केलं, त्यात त्या होत्या. 1971 मध्ये अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत त्यांनी 'आविष्कार' उभी केली. 1974 पासून छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालली, तिचं घर 'आविष्कार'ने सांभाळलं. ज्या शाळेत बाई शिकवत होत्या त्याच शाळेच्या सभागृहाचं नाव मराठी नाटकाच्या इतिहासात गेलं.

हा इतिहास आम्ही वाचून शिकलो. छबिलदासचा प्रेक्षक दादरला उतरून चालत येणारा होता. मराठवाड्यातल्या माणसासाठी ते अंतर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाचं. तिथल्या प्रयोगांबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक 'ज्यांनी पाहिलं ते भाग्यवान' या सुरातलं. तो सूर खोटा नसेल, पण ज्याने पाहिलं नाही त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. नटीबद्दल आदर वाढतो, तिने नेमकं काय केलं ते कळत नाही. म्हणून मी त्या आठवणी बाजूला ठेवून दोन गोष्टी हाताशी घेतो : छापील संहिता आणि पडद्यावर शिल्लक राहिलेल्या सुलभाताई.

आधी संहिता. मुंबईहून एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. खरा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर चालवायचा आहे, अण्वस्त्रांच्या प्रश्नावर. प्रयोगाला वेळ आहे, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला कोर्ट कसं असतं ते दाखवायला एक लुटूपुटीचा खटला सुरू होतो. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. हळूहळू तो खेळ खेळ राहत नाही. बेणारेला दिवस गेलेले आहेत, गर्भ न आलेल्या प्राध्यापक दामल्यांचा आहे, आणि हे मंडळीतल्या प्रत्येकाला थोडं थोडं माहीत आहे.

या भूमिकेत नटीसाठी दोन सापळे आहेत. पहिला पहिल्या अंकातला. शेवट माहीत असल्यामुळे बहुतेक मुली बेणारेला पहिल्यापासून दुःखी करतात. हसतात, पण त्या हसण्याखाली रेघ ओढून ठेवतात, की बघा, आत काहीतरी आहे बरं का. कॉलेजच्या स्पर्धांत मी ज्या बेणारे पाहिल्या त्या सगळ्या अशाच होत्या. सुलभाताईंची बेणारे तशी नाही. तिच्यात पहिल्यांदा जाणवतो तो वेग. वर्गात चाळीस मुलं सांभाळणारी बाई जशी बोलते, एक वाक्य संपायच्या आत दुसरं, मध्येच नक्कल, मध्येच गाणं, मध्येच समोरच्याची फिरकी, तसं ती बोलते. तिला ही माणसं आवडत नाहीत आणि ते लपवायची गरजही वाटत नाही. शाळेतल्या नोकरीचा आणि या भूमिकेचा संबंध मी उगाच जोडत नाही. मोठ्या माणसांशीही मुलांशी बोलतात तसं बोलायची सवय हा बेणारेच्या स्वभावाचा गाभाच आहे. तिची सगळी धिटाई तिथून येते, आणि म्हणूनच मंडळींना ती खुपते.

या वेगाचा उपयोग पुढे होतो. कारण तिसऱ्या अंकात बेणारे जवळजवळ बोलतच नाही. साक्षी होतात, तिच्या पर्समधली 'टिक ट्वेंटी'ची बाटली निघते, प्रत्येक जण तिने आपल्याला एकांतात काय विचारलं होतं ते चारचौघांत मांडतो, आणि ती गप्प बसून राहते. एवढं बोलणारी बाई गप्प झाली की शांतता ऐकू येते. पहिल्या अंकात दुःखाची कुणकुण आधीच देऊन ठेवणाऱ्या नटीला हे मिळत नाही. तिची शांतता आधीच खर्च झालेली असते.

दुसरा सापळा म्हणजे ते स्वगत. शेवटी न्यायाधीश काशीकर आरोपीला निवेदन करायला दहा सेकंद देतात. बेणारे हलत नाही. मग सगळे गोठतात आणि ती बोलायला लागते. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत गाजलेल्या स्वगतांपैकी हे एक आहे. जगणं, शरीर, मामा, दामले, शाळेतली मुलं, सगळं त्यात येतं. ते संपतं आणि काशीकर जाहीर करतात की वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. म्हणजे कोर्टाच्या हिशेबाने ती एक शब्दही बोललेली नाही. आपण ऐकलं ते सगळं त्या दहा सेकंदांच्या आत घडलं.

एकपात्री स्पर्धांमध्ये हे स्वगत सुटं काढून सादर होतं, तेव्हा हीच गोष्ट गळते. ते भाषण होतं. समोर परीक्षक असतात, टाळ्या असतात, मुलगी सगळ्यांना सुनावते आणि आपल्याला बरं वाटतं की बाई बोलली एकदाची. नाटक याच्या उलट सांगतं. बाई बोललीच नाही, तिला बोलूच दिलं नाही, आणि आपल्याला ऐकू आलं तेही केवळ नाटककाराच्या मेहेरबानीने. त्यामुळे नटीला एकाच वेळी दोन गोष्टी कराव्या लागतात : आपल्यासाठी बोलायचं आणि कोर्टासाठी गप्प राहायचं. सुलभाताईंचं स्वगत पाहताना मला हे दोन्ही दिसतं. ती कोणाला सुनावत नाही, कोणाला पटवून देत नाही. स्वतःशी जुना हिशेब मांडत बसल्यासारखी बोलते, मध्येच विसरते, मध्येच तिला वर्गातली मुलं आठवतात आणि आवाज क्षणभर शाळेतला होतो. आपण ऐकतोय हे तिला ठाऊक नाही.

या नाटकाची तुलना ड्यूरेनमॅट या स्विस लेखकाच्या 'डी पान' या कथेशी नेहमी केली जाते. तिथे गाडी बंद पडलेला एक विक्रेता निवृत्त न्यायाधीश-वकिलांच्या घरी मुक्कामाला थांबतो आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्यावर खुनाचा खटला चालतो. फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्या पुरुषाला आपला गुन्हा सापडतो तेव्हा आपण कुणीतरी मोठे असल्यासारखं वाटतं, त्याच्या सामान्य आयुष्याला गुन्ह्यामुळे वजन येतं. बेणारेच्या बाबतीत सगळं उलटं. जे तिचं सगळ्यांत खाजगी आहे तेच कोर्ट सामान्य करून टाकतं, गावगप्पांच्या पातळीवर आणतं. आणि निकाल काय, तर आईने जगावं पण गर्भ नष्ट व्हावा. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला भ्रूणहत्येच्या शिक्षेवर संपतो. गर्भपाताला कायद्याने मर्यादित परवानगी देणारा वैद्यकीय गर्भपात कायदा 1971 मध्ये संसदेत मंजूर झाला. चित्रपटही त्याच वर्षीचा. नाटक रंगमंचावर आलं तेव्हा, आईचा जीव वाचवण्याची वेळ सोडली तर, गर्भपात हा गुन्हाच होता. काशीकरांचं कोर्ट ज्या नीतीच्या नावाने बोलत होतं, तिला स्वतःच्या निकालातली विसंगतीही दिसत नव्हती.

आता पडदा. इथे मी एक साधं गणित मांडतो, व्यवसायाची सवय म्हणा. सुलभाताईंनी पडद्यावर बेणारे केली 1971 मध्ये, वय चौतीस. 1977 मध्ये श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'मध्ये त्या स्मिता पाटीलच्या आई झाल्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचं अंतर, म्हणजे शक्य कोटीतलं. 1980च्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है'मध्ये त्या नसीरुद्दीन शाहच्या आई. अंतर बारा-तेरा वर्षांचं. 1991च्या 'चौकट राजा'मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या आई. प्रभावळकरांचा जन्म 1944चा, म्हणजे अंतर सात वर्षांचं. बेणारेपासून आईपर्यंत यायला सहा वर्षं लागली आणि त्यानंतर त्या आईच राहिल्या. 2012च्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये श्रीदेवीच्या सासूबाई. 4 जून 2016 रोजी त्या गेल्या, तेव्हा माझ्या बरोबरीच्या बहुतेकांना ओळख पटवायला हाच चित्रपट सांगावा लागला.

ही आकडेवारी एका नटीपुरती नाही. आपल्या चित्रपटांत तिशी ओलांडलेल्या, 'नायिकेसारखा' चेहरा नसलेल्या अभिनेत्रीला काय मिळतं त्याचं हे कोष्टक आहे. मग तिने बेणारे का केलेली असेना.

पण या छोट्या भूमिका नीट पाहिल्या तर कळतं, की बाईंनी त्या मिळेल ते घेऊन उरकलेल्या नाहीत. 'भूमिका'तली आई घ्या. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर बेतलेला तो चित्रपट. ही आई गाणाऱ्या बायकांच्या घरात जन्मलेली, लग्न करून घरंदाज झालेली, आणि मुलीने त्या जुन्या वाटेला जाऊ नये म्हणून जिवाचं रान करणारी. पुढे घर चालतं ते त्याच मुलीच्या सिनेमातल्या कमाईवर. एवढी गुंतागुंत पटकथेत आईच्या तोंडून कुठे समजावून सांगितलेली नाही. ती सुलभाताईंच्या चिडण्यात आहे. मुलीवर ओरडताना ही बाई खरं तर स्वतःच्या आईवर ओरडतेय हे आपल्याला कळतं, आणि ते तिला माहीत नाही हेही कळतं.

'अल्बर्ट पिंटो'मध्ये त्यांच्या नवऱ्याच्या भूमिकेत अरविंद देशपांडेच आहेत. मुंबईतलं गिरणी कामगाराचं ख्रिस्ती घर, वडील संपावर, मुलगा श्रीमंतांच्या गाड्या दुरुस्त करता करता स्वतःलाही त्यांच्यातलाच समजणारा. चित्रपटभर राग पुरुषांचा आहे, नावातच आहे. आईच्या वाट्याला घर. 'चौकट राजा'तल्या नंदूची आई तर मराठी प्रेक्षकाला आजही रडवते. वाढ खुंटलेल्या मुलाची म्हातारी होत चाललेली आई म्हटल्यावर रडवणं सोपं असतं. सुलभाताई तिथे ओलावा कमी आणि थकवा जास्त दाखवतात. रोजचं काम असलेली बाई जशी थकते तसा. त्यामुळे माया वेगळी दाखवावी लागत नाही.

आणि 'इंग्लिश विंग्लिश'. सकाळी शशी स्वतःची कॉफी करून पेपर घेऊन बसते आणि सासूबाई उठून येतात. कॉफी बाजूला राहते. सासू वाईट नाही, सुनेवर तिचा जीव आहे. घरात शशीच्या इंग्रजीची चेष्टा होते तेव्हा ती तिथेच कुठेतरी असते. तिला कळतं. पण ती खटला लढवत नाही, कारण या कोर्टात आपल्याला किती सेकंद आहेत ते तिला अख्ख्या आयुष्याने शिकवलेलं आहे.

मला वाटतं, सुलभाताईंच्या पडद्यावरच्या कामाचं सूत्र इथे आहे. बेणारेच्या स्वगताला दोन बाजू होत्या : आपल्याला ऐकू येणारी आणि कोर्टाला दिसलेली. कोर्टाने पाहिली ती गप्प उभी असलेली एक बाई, दहा सेकंद. पुढची चाळीस वर्षं सुलभाताईंनी पडद्यावर ही दुसरी बाजू केली. दाराशी उभ्या असलेल्या, चहा घेऊन आलेल्या, मुलाकडे बघत बसलेल्या बायका. त्यांना कोणी स्वगत लिहून दिलं नाही. पण आत एक स्वगत आहे, अख्खं, पाठ केलेलं, याची खात्री त्यांचा चेहरा देतो. छोटी भूमिका मोठी करून दाखवणारे नट बरेच असतात. ते मुख्य पात्राच्या खांद्यावरून आपल्याकडे बघतात. सुलभाताई तसं कधी करत नाहीत. भूमिका जेवढी छोटी आहे तेवढीच ठेवतात, फक्त ती छोटी का आहे ते दिसू देतात.

याला मी गौरव म्हणू की आरोप? दोन्ही. पडद्यावरच्या त्यांच्या संयमाचं कौतुक करताना एक धोका असतो : आपण त्यांना दहा सेकंदच दिले याचंही कौतुक केल्यासारखं होतं. 'एवढ्याशा भूमिकेतही काय काम केलंय' हे वाक्य आपण बायकांबद्दल जास्त बोलतो. त्यांना मोठी भूमिका का मिळाली नाही हा प्रश्न त्या वाक्याखाली झाकला जातो. चांगल्या अभिनयाने वाईट वाटणीला चांगलं ठरवू नये.

त्यांनी स्वतः यावर काय उत्तर शोधलं ते मात्र पडद्यावर दिसत नाही. ते 'आविष्कार'मध्ये आहे. जानेवारी 1987 मध्ये अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. संस्था चालू राहिली. 'चंद्रशाला' या बालरंगभूमीच्या शाखेत त्या मुलांसोबत काम करत राहिल्या. 'दुर्गा झाली गौरी'सारख्या नृत्यनाट्यातून मुलांच्या किती तुकड्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. हे काम समीक्षेत एका ओळीत उरकतात, मीही आत्तापर्यंत तेच केलं. पण ज्या नटीची सर्वांत मोठी भूमिका ही मुलांच्या शाळेतून हाकलली जाणारी शिक्षिका आहे, तिने आयुष्यभर मुलांची शाळा चालवावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. बेणारेचं सगळ्यांत खरं सुख वर्गात होतं. ते तिच्याकडून काढून घेतात तेव्हा ती मोडते. सुलभाताईंनी ते सुख कोणाला काढून घेऊ दिलं नाही. मुलांना रंगमंचावर वेळ दिला. सेकंद मोजले नाहीत.

नाटकाच्या शेवटी सगळे प्रयोगाच्या तयारीला लागतात. आत्ताच एका बाईला उद्ध्वस्त केलेली माणसं तिला समजावतात की हा खेळ होता, मनाला लावून घेऊ नको. फक्त सामंत, ज्याने खोटी साक्ष हातातल्या कादंबरीतून वाचून दिली आणि ती नेमकी खरी निघाली, तो पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून हळूच जातो. सगळ्या नाटकात तिला कोणी काही दिलं असेल तर एवढंच.

आमच्या प्रयोगात पोपट होता. तो मीच शहागंजमधून आणला होता. स्वगत कापलं होतं तरी पोपट ठेवला होता, कारण त्याला वेळ लागत नव्हता आणि पालकांची हरकत नव्हती. चित्रपट संपल्यावर मी त्या मुलीला मेसेज लिहिला, की तू तेव्हा विचारलेला प्रश्न बरोबर होता. ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : "माहीत आहे. मी पूर्ण स्वगत पाठ केलं होतं."

चार पावलांवर उभा होतो. मला कळलं नव्हतं.